तिघांचा डाव

या पानावरून आम्हीं आजवर पंचांग, पाठांतर, पाहुणे आणि परीक्षा अशा नाना विषयांवर लिहिलें. परंतु संगणकावरील खेळांविषयीं लिहिण्याचा प्रसंग येईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. उलट, दोन वर्षांपूर्वीं याच ठिकाणीं आम्हीं या खेळांस 'डोळ्यांची व वेळेची उधळपट्टी' असें म्हटलें होतें, आणि तें वाचून कित्येक वाचकभगिनींनीं आम्हांस अभिनंदनाचीं पत्रें धाडलीं होतीं. तीं पत्रें अजून आमच्या पेटींत आहेत. त्या भगिनींची क्षमा मागून आज आम्ही आमच्या मतास थोडी मुरड घालणार आहों. सारें मत बदललेलें नाहीं. एका जातीच्या खेळापुरतें बदललें आहे, आणि तें कसें बदललें हें सांगणें आमच्याकडे लागतें.

त्यासाठीं आधीं घरची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही दोघे बंधु. चाळीस वर्षें एका वाड्यांत, एका चुलीवर राहिलों. मातोश्री वारल्यावर वाडा पाडून तेथें इमारत बांधण्याचें ठरलें, आणि कोणास कोणता मजला, कोणास किती चौरस फूट, या हिशेबांत जें व्हावयाचें तें झालें. भांडण असें झालें नाहीं. आमच्या घरांत मोठ्यानें बोलण्याची चाल नाहीं. त्यामुळेंच तें मिटलेंही नाहीं. बंधु आपल्या चिरंजिवांकडे नागपुरास जाऊन राहिले. आम्ही पुण्यांतच राहिलों. सणावारीं घरांतल्या मंडळींच्या मार्फत क्षेमकुशल कळे. वडिलांच्या श्राद्धदिनीं फोनवर दोन वाक्यें होत. दोष कोणाचा हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मजल्यांचा तक्ता आम्हीं आखला होता, एवढें कबूल करतों.

नातवंडांनीं मात्र ही वांटणी मानली नाहीं. आमची नात, आमचा नातू आणि बंधूंचा नातू या तिघांचा दर शनिवारीं रात्रीं संगणकावर एक खेळ चाले. दोघें पुण्यांत, एक नागपुरांत. कानांना हेडफोन लावून तिघांचें बोलणें, हंसणें व हळहळणें अकरा अकरा वाजेपर्यंत चालू असे. आम्ही तें बंद करण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत नात पुढील शिक्षणासाठीं वसतिगृहांत गेली, तिसरी जागा रिकामी पडली, आणि नातू आमच्या खोलीच्या दारांत उभा राहून म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसतां का तिसरे? यांत घाई नसते. तुमचा डाव होईपर्यंत सगळे थांबतात."

या शेवटच्या वाक्यानें आम्ही सांपडलों. संगणकावरील जे खेळ आम्हीं ओझरते पाहिले होते त्यांत सारा कारभार बोटांच्या चपळाईचा. पापणी लवली कीं कोणीतरी कोणास गोळी घातलेली असावयाची. पस्तीस वर्षें खडू धरलेला आमचा हात आतां थोडा थरथरतो; अशा ठिकाणीं आम्हीं काय करावें? परंतु ज्यांत पाळीपाळीनें चाल करावयाची, आणि आपली चाल होईपर्यंत सोबत्यांनीं वाट पाहावयाची, तो खेळ आमच्या ओळखीचा होता. लहानपणीं वाड्याच्या सोप्यावर सारीपाट मांडला जाई. चौघे बसत, समोरासमोरचे दोघे एका पक्षाचे. आजी कवड्या हातांत खुळखुळवीत इतका वेळ विचार करी कीं मधल्या वेळांत दिव्यांत तेल घालून होई. पण तिला 'आटप' म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. संगणकाच्या पडद्यावर तोच पट पुन्हां मांडलेला सांपडेल हें कोणास ठाऊक होतें!

खेळाचें नांव 'फॉर द किंग', म्हणजे 'राजाकरितां'. कॅनडांतील आयर्नओक गेम्स नांवाच्या मंडळीनें तो रचला, आणि २०१८ सालीं तो पूर्ण स्वरूपांत बाहेर पडला. फाहरूल नांवाचें एक कल्पित राज्य आहे. राजाचा खून झालेला, मारेकरी अज्ञात, सर्वत्र अनागोंदी. राणी रोझोमन प्रजेस साद घालते, आणि तिच्या हांकेस ओ देऊन घराबाहेर पडतात ते कोणी क्षत्रिय वीर नव्हेत, तर लोहार, शिकारी, पंडित आणि भाट. (या राणीच्या स्वभावाचें पुढें काय झालें तें २०२३ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांत आहे, तेथें तीच जुलमी झाली असून प्रजेस तिच्याविरुद्ध उठावें लागतें. त्या भागांत चौघांस खेळतां येतें. आम्ही अजून पहिल्याच राणीशीं एकनिष्ठ आहों.) या मंडळींपैकीं तिघांची टोळी करावयाची. एकट्यानें तिघांसही चालवितां येतें, किंवा तिघांनीं एकेक वांटून घ्यावा. खरी गोडी या दुसऱ्या रीतींत आहे.

आमचा नातू लोहार, नागपूरचा नातू शिकारी. नात भाट होत असे. तिच्या वाद्याच्या नादानें सोबत्यांस हुरूप येई. तिच्या जागीं आलेल्या आम्हीं अर्थातच पंडित घेतला. हा पंडित ग्रंथ उघडून त्यांतील सामर्थ्यानें शत्रूवर प्रहार करतो. अंगानें मात्र अगदींच लेचापेचा. एक दोन तडाखे बसले कीं आडवा. लोहार पुढें उभा राहून मार खाई तेव्हां कोठें आमची विद्या चाले. वाचकांतील शिक्षकबंधूंनीं हें मनास लावून घेऊं नये.

सारी भूमि मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी घरांची आहे. आपला डाव आला म्हणजे किती घरें चालावयाचीं तें ठरतें. तितकीं चालावीं आणि वाटेंत गांव, देवस्थान, गुहा, लुटारू, अस्थिपंजर, जें भेटेल त्यास तोंड द्यावें. 'देवाची दाढी' अशा अर्थाच्या नांवाची एक वनौषधि यांत आहे. तिनें जखमा भरून येतात. ती चिलमींतून ओढावयाची असते असें नातू आम्हांस मोठ्यानें समजावून सांगत असतां आमच्या कुटुंबानें खोलींत येऊन एकवार सर्वत्र पाहून घेतलें. चिलीम पडद्यावरचीच आहे अशी खात्री झाल्यावर ती परत गेली.

या जातीच्या खेळांस 'रोगलाइक' म्हणतात. हा शब्द प्रथम कानीं पडला तेव्हां ही कसली तरी व्याधि असावी असें वाटून आम्हीं मनांत म्हटलें कीं नांव तरी प्रामाणिकपणें ठेविलें आहे! परंतु इंग्रजी 'रोग' म्हणजे भामटा. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांतील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनीं, आणि पुढें केन आर्नल्ड यांच्या साह्यानें, या नांवाचा खेळ रचला. त्यांच्या पडद्यावर चित्रें नव्हतीं, केवळ अक्षरें व चिन्हें होतीं. ई-मेलच्या पत्त्यांत मधोमध येतें तें शेपटीचें चिन्ह म्हणजे नायक, आणि इंग्रजी वर्णमालेचीं २६ अक्षरें म्हणजे २६ जातींचे राक्षस व श्वापदें. भुयाराच्या २६ व्या थरापर्यंत उतरून येंडोरचा ताईत हस्तगत करावयाचा व जिवंत वर यावयाचें. त्यापूर्वींच्या कथाखेळांत कोडें एकदां सुटलें कीं रस संपे, आणि रचणारास तर तो मुळींच नसे. कारण चोर कोठें दडला आहे हें त्यानेंच ठरविलेलें. म्हणून या विद्यार्थ्यांनीं भुयार रचण्याचें काम संगणकावरच सोंपविलें. दर खेपेस नवें भुयार, रचणारासही अनोळखी. दुसरा नियम अधिक कठोर. नायक मेला म्हणजे मेला. मागची नोंद उघडून 'पुन्हां तेथूनच' म्हणण्याची सोय नाहीं. २००८ सालीं बर्लिन येथें अशा खेळांच्या रचनाकारांची परिषद भरली, तींत या जातीचीं लक्षणें ठरविण्यांत आलीं. नित्य नवी भूमि, पाळीपाळीनें चाल, आणि न परतणारा मृत्यु हीं त्यांतलींच.

मात्र त्या 'रोग'चा नायक एकटा. ज्या बैठ्या खेळापासून ही सारी कल्पना स्फुरली तो १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' टेबलाभोंवतीं मंडळी जमवून खेळावयाचा होता. संगणकानें मंडळी उठवून लाविली व एकट्या माणसास भुयारांत धाडलें. 'फॉर द किंग'सारख्या खेळांनीं ती पुन्हां बसविली आहे.

फांशांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. प्रत्येक प्रहारापूर्वीं पडद्यावर कांहीं खुणा ओळीनें दिसतात, आणि एकेक खूण साधण्याची शक्यता शेंकडा किती हें स्वच्छ लिहिलेलें असतें. शेंकडा ७५ हा आंकडा पाहून आम्ही निर्धास्तपणें प्रहार करीत असूं व तो अर्धवट पडला कीं संगणकावर रागावत असूं. तेव्हां नातवानें आम्हांस तोंडीं गुणाकार करून दाखविला कीं प्रत्येकी ७५ च्या तीन खुणा एकदम साधण्याची शक्यता शेंकडा ४२ इतकीच असते. परीक्षेंत त्याचें गणित नेमकें कोठें हरवतें हें आम्हांस कळेना. एखादी खूण हमखास साधावयाची असेल तर 'फोकस', म्हणजे अवधान, खर्चावें लागतें. तें मोजकेंच असतें व विश्रांतीनें भरून येतें. वनपर्वांतील नलाख्यानांत ऋतुपर्ण राजा बिभीतक वृक्षाचीं पानें व फळें नजरेनें मोजतो, आणि नलास अक्षहृदय म्हणजे फांशांचें मर्म शिकवितो. मोजणें व फांसे यांचें नातें आमच्या पूर्वजांनीं ओळखलें होतें, याचें आम्ही वर्गांत पुष्कळ कौतुक करीत असूं. नलानें राज्य घालविलें तें आपल्या सख्ख्या भावाशीं, पुष्कराशीं, खेळून, हा भाग आम्ही अलीकडे घाईनें उरकीत असूं.

या खेळांत समोर भाऊ नसतो. सारे एका बाजूस, आणि पलीकडे केवळ पट. पण म्हणून तो गोडीगुलाबीचा आहे असें मात्र नव्हे. तिघांच्या थैल्या निरनिराळ्या आहेत. लढाई जिंकल्यावर मिळालेली वस्तु एकाच्या पुढें येते. त्यानें ती ठेवावी, किंवा सोडून दुसऱ्याकडे जाऊं द्यावी. चिलखत लोहारास उपयोगी, पंडितास व्यर्थ. तरी तें विकून चार नाणीं येतील हा विचार मनांत येतोच. आमच्या आला. नातू कांहीं बोलला नाहीं. "आजोबा, ठेवा, ठेवा," एवढेंच म्हणाला, आणि पुढच्या लढाईंत आमच्यासमोर उभा राहून मार खाऊं लागला. पुढच्या खेपेपासून आम्हीं वस्तु सोडावयास शिकलों. प्राण मात्र सामायिक. टोळीस म्हणून कांहीं मोजके प्राण दिलेले असतात; कोणी पडला व त्यास उठविलें कीं त्यांतला एक जातो. म्हणजे एकाच्या अविचाराचा खर्च तिघांच्या खात्यावर. आणि वर अनागोंदीचें माप चढत असतें. फार रेंगाळावें तर शत्रु बळावतो, फार धांवावें तर आपण कच्चे राहतों.

सर्वच पडले म्हणजे डाव संपला, आणि पहिल्यापासून आरंभ. बारा तासांची मजल अशी एका गुहेंत बुडालेली आम्हीं पाहिली. आम्हांस वाटलें, आतां पोरें रडतील. तीं हंसलीं! "मोठे आजोबा, काय मेलों आपण!" असें नागपूरहून ओरडणें आलें. वाटेंत मिळविलेलें थोडें ज्ञानधन मागें उरतें. तें वेंचून पुढच्या खेपेसाठीं नवे सोबती, नवीं हत्यारें पटावर आणतां येतात. बाकी सारें गेलें. आम्हीं आमच्या नोकरींत कित्येक मुलांच्या प्रगतिपुस्तकावर तांबड्या शाईनें 'नापास' लिहिलें. त्यानंतर त्यांस हंसतांना पाहिल्याचें स्मरत नाहीं.

वडीलधाऱ्यांसाठीं कांहीं सूचना येथेंच करतों. खेळ लांबतो, मध्यें थांबवून दुसऱ्या दिवशीं पुढें चालवितां येतो, म्हणून 'आतां सोडतां येत नाहीं' ही सबब मान्य करूं नये. सोबती ओळखीचे व बोलावलेलेच असावेत. परक्यांशीं खेळण्याची मोकळीक मुलांस देऊं नये. मजकूर आमच्याकडे इंग्रजींत असतो, व तो वाचल्यावांचून एक पाऊल चालत नाहीं. आमच्या नातवाचा शब्दसंग्रह त्यामुळें वाढला, जरी त्यांतील निम्मे शब्द विषांचे व शस्त्रांचे आहेत. मारामारी आहे, पण बीभत्स नाहीं. आणि आठवड्यांत एक रात्र पुरे.

आतां मुख्य गोष्ट. लढाईला तोंड लागतें तेव्हां जे सोबती जवळपासच्या घरांत असतील तेवढेच लढाईंत धरले जातात. जो दूर असेल त्यास नुसतें पाहत बसावें लागतें. मुलें म्हणून नेहमीं परस्परांच्या आटोक्यांत चालत. आम्हांस तें जमेना. चाल चांगली मिळाली कीं आम्ही पंडितास पुढें दामटीत असूं. मुलें म्हणत, "जवळ राहा," आणि आम्ही मनांत म्हणूं कीं मार्ग दाखविण्यास कोणी तरी पुढें नको काय?

गेल्या महिन्यांतील एका शनिवारीं शिकारी फार निराळ्या रीतीनें चालतांना दिसला. एरवीं नागपूरचा नातू सपाट्यानें चाल करून मोकळा होई. त्या रात्रीं एकेक चाल करण्यास फार वेळ लागे. हेडफोनवर आवाजही नव्हता. मुलास ताप आहे, त्याच्याऐवजीं दुसरें कोणी बसलें आहे, एवढेंच आमच्या नातवानें सांगितलें, आणि कोण हें विचारतां तो पाणी पिण्यास उठून गेला. हा नवा शिकारी आम्ही जेथें जाऊं त्याच्या दोन घरें मागें येऊन थांबे; मधलीं नाणीं वेंचण्यासही वळत नसे. आम्हांस तें थोडें मंदपणाचें वाटलें.

पुढें एक देवस्थान दिसत होतें. आमची चाल भरपूर आली होती. आम्ही एकटेच निघालों व देवस्थानाच्या अलीकडे दबा धरून बसलेल्या टोळक्यांत सांपडलों. पडद्याच्या कडेला सोबत्यांचीं चित्रें असतात, तेथें आमचा पंडित एकटा. लोहार दूर, शिकारीही आटोक्याबाहेर. ग्रंथ उघडून दोन प्रहार केले. त्यांतला एक फुकट गेला. तिसऱ्या फेरींत पंडित पडला. थैलींत 'देवाची दाढी' चार जुड्या होती. ती आम्हीं पुढच्या गुहेसाठीं राखून ठेविली होती.

पडलेल्यास ठराविक डावांच्या आंत येऊन कोणी उठविलें तर बरें, नाहीं तर तो गेला. टोळीच्या खात्यावर एकच प्राण शिल्लक होता. आम्हीं नातवास सांगितलें, "राहूं द्या, तुम्ही दोघे पुढें जा. हिशेबानें तेंच बरोबर आहे." लोहार कांहीं करण्यापूर्वींच शिकाऱ्याचा डाव आला. तो वाट सोडून सरळ आमच्याकडे वळला. एक डाव, दुसरा डाव. वर अनागोंदीचें माप चढत होतें, तिकडे त्यानें लक्ष दिलें नाहीं. तिसऱ्या डावाला तो पंडिताच्या घरावर येऊन उभा राहिला, आणि शेवटचा प्राण त्यानें खर्चून टाकला.

पंडित उठला. आमची पाळी आली. पण आमचा हात माउसवर तसाच राहिला. असा हिशेब सोडून चालणारा माणूस आम्हांस ओळखीचा वाटत होता. मजल्यांचा तक्ता पुढें ठेविला त्या दिवशीं त्यानें न वाचतांच खालीं सही केली होती. आणि त्यानें वाचला नाहीं याचाच आम्हांस राग आला होता. पटावर सारें थांबलें होतें. किती वेळ गेला तें सांगतां येत नाहीं. मग हेडफोनमध्यें कोणीतरी घसा खाकरला.

"दादा, डाव तुझा आहे. किती वेळ?"

आम्हीं चष्मा काढून पुसला, आणि त्या देवस्थानाकडे न जातां पंडितास शिकाऱ्याच्या शेजारच्या घरांत नेऊन उभें केलें. नंतर आम्हीं विचारलें, "पोराचा ताप किती आहे?"

"उतरलाय आतां," बंधु म्हणाले. "झोंपला आहे. औषधी वनस्पति होती ना तुझ्याजवळ? मग घेतली कां नाहींस?"

त्या रात्रीं पुढें आम्ही तिघेही एका गुहेंत मेलों. त्यानंतर संगणक बंद झाला तरी फोन बंद व्हावयास साडेबारा वाजले, आणि त्यांत वाड्याचा विषय एकदांच निघाला, तोही सोप्यावरच्या सारीपाटाच्या ओघांत. तो पट कोणाकडे गेला याची दोघांनाही आठवण नव्हती. येत्या शनिवारीं नवा आरंभ आहे. नागपूरचा नातू बरा झाला असून आपली जागा परत मागत आहे. त्यामुळें आमच्या नातवानें आपला लोहार आपल्या धाकट्या आजोबांस देऊं केला आहे. बंधूंचें म्हणणें, लोहार आम्हींच व्हावें व पुढें उभे राहून मार खावा; ग्रंथ ते संभाळतील. यावर अद्याप निर्णय झालेला नाहीं.